पाठ असलेला शेवटचा नंबर कोणता?

प्रश्न : लग्नाआधी मला पंधरा-वीस लँडलाइन नंबर तोंडपाठ होते. आज मुलीचा मोबाइल नंबरसुद्धा सांगता येत नाही. वय ५४. ही विस्मरणाची सुरुवात समजायची का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तेवढ्यावरून मुळीच नाही. मुलीचा नंबर तुम्ही विसरलेल्या नाहीत, तो कधी पाठ झालाच नव्हता. लँडलाइनचा नंबर दर वेळी आठवून फिरवावा लागे आणि तेच त्याचं पाठांतर असे. हा नंबर एकदा सेव्ह झाला आणि त्यानंतर तुम्ही फक्त तिच्या नावावर बोट ठेवत आलात.

बेट्सी स्पॅरो, जेनी लियू आणि डॅनियल वेग्नर यांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याबद्दलचे प्रयोग मांडले. लोकांना सामान्यज्ञानाची ४० वाक्यं कॉम्प्युटरवर टाइप करायला दिली. काहींना सांगितलं, हे साठवलं जाईल. काहींना सांगितलं, हे पुसलं जाईल. पुसलं जाणार असं समजणाऱ्यांना वाक्यं जास्त आठवली. आणखी एका प्रयोगात वाक्य काय होतं यापेक्षा ते कोणत्या फोल्डरमध्ये ठेवलंय, हे लोकांना अधिक नीट सांगता आलं. याच निबंधातला एक वेगळा प्रयोग पुढे इतरांनी करून पाहिला तेव्हा तो निकाल आला नाही. म्हणून 'गूगलने स्मरणशक्ती संपवली' असली विधानं यावर उभी करणं चुकीचं आहे. पण जे जपायची गरज वाटत नाही ते मेंदू धरून ठेवत नाही, एवढं आपल्या सगळ्यांच्या अनुभवाला येतं.

तरीही निदान तीन-चार नंबर डोक्यात हवेतच. फोन हरवला किंवा बॅटरी संपली, तर दुसऱ्याच्या फोनवरून लावणार काय?

आपण एका वेळी मनात साधारण चारच सुट्या गोष्टी सांभाळू शकतो. दहा आकडे त्यात मावत नाहीत, पण मराठीत आपण नंबर जोड्यांनी म्हणतो – 'अठ्ठ्याण्णव, बावीस...' – त्याने दहाचे पाच होतात. जोड्या एकदा ठरल्या की बदलू नका. आज दोन-दोन आणि उद्या तीन-तीन-चार केलंत की लय मोडते. नंबर कागदावर लिहा, कागद उलटा करा, न बघता पुन्हा लिहा आणि मगच ताडून पहा. असं दहा मिनिटांनी, रात्री झोपताना, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी करा. नुसता बघून पन्नास वेळा वाचलात तर तो त्या क्षणापुरता ओळखीचा वाटेल, इतकंच. आठवड्याला एकच नंबर घ्या. सुरुवातीच्या जोड्या सारख्या असलेले दोन नंबर एकत्र घेतले की ते हमखास एकमेकांत मिसळतात. पाठ झाल्यावर त्या माणसाला कीपॅडवरूनच फोन लावा. तीन-चार आकड्यांनंतर स्क्रीनवर नाव सुचवलं जाईल, त्यावर बोट ठेवू नका. सराव तिथेच संपतो.

डॉक्टरांकडे जायची चिन्हं वेगळी आहेत. तासाभरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, नेहमीच्या हिशेबात वारंवार घोटाळा होणं. यातलं काही घरच्यांच्या लक्षात आलं, तर मात्र थांबू नका.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. पीडीएफ, व्हिडिओ, स्क्रीनशॉट सगळं जमवलंय. वाचताना कळतं, पेपरात आठवत नाही.
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग तुमच्यासाठीच आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने उलटं झालं : वाचणारे ४२ टक्के, लिहिणारे ५६. वाचल्यावर लगेच 'आलं मला' असं वाटतं, आणि फसगत होते ती तिथेच.

वीस मिनिटं वाचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दहा मिनिटं कोऱ्या कागदावर लिहा. अडलात तर लगेच पीडीएफ उघडू नका, मिनिटभर झगडा; मग चुकलेलं लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी सुरुवात त्या लाल ओळींपासून करा. प्रश्नांचा क्रमही बदलत राहा. पाढा फक्त क्रमाने घोकलेल्या मुलाला 'सात सक?' विचारलं, की 'सात एके सात'पासून सुरुवात करावी लागते. परीक्षेत तेवढा वेळ नसतो. एआय चॅटबॉट वापरत असाल तर त्याच्याकडून उत्तरं मागू नका, त्याला प्रश्न विचारायला लावा. तो आत्मविश्वासाने चुकीचंही सांगतो, म्हणून पडताळणी पाठ्यपुस्तकातूनच करा. जमवलेले स्क्रीनशॉट दर रविवारी पहा : ज्यातला मुद्दा न बघता सांगता आला, तो काढून टाका.

प्रश्न : मॅप लावून चार वेळा गेलेलं ठिकाणही पाचव्यांदा सापडत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आवाज 'डावीकडे वळा' म्हणतो, तुम्ही वळता, वळण का घेतलं हे ठरवायचं कामच उरत नाही. शिवाय गाडीच्या दिशेनुसार नकाशा फिरत राहिल्याने मनात एक स्थिर चित्र बसत नाही. सेटिंगमध्ये जाऊन उत्तर दिशा कायम वर ठेवा. निघण्यापूर्वी मिनिटभर पूर्ण रस्ता पहा आणि वळणांवरच्या तीन खुणा मोठ्याने म्हणा : देऊळ, पेट्रोल पंप, पाण्याची टाकी. दुकानाची पाटी खूण म्हणून धरू नका, ती बदलते. परतताना आवाज बंद ठेवा; अडलात तर गाडी बाजूला घेऊनच फोन पहा.

प्रश्न : सहलीत फोटो काढल्याने आठवणी कमी राहतात, हे खरं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये संग्रहालयातल्या वस्तूंवर हे तपासलं. ज्यांचे पूर्ण फोटो काढले, त्या वस्तू नुसत्या पाहिलेल्यांपेक्षा कमी आठवल्या. एखाद्या भागावर झूम करून काढलेल्यांबाबत मात्र तसं झालं नाही. लेण्यांसमोर दहा फोटो काढण्यापेक्षा आधी दोन मिनिटं शिल्प पहा, मग हाताची मुद्रा किंवा दागिना असा एक तपशील निवडून तेवढाच टिपा.