आमच्या ऑफिसला सगळे नावं का ठेवतात?

प्रश्न : काका, मी एका सरकारी कार्यालयात नोकरीला आहे. रात्री आठपर्यंत बसून फायली काढते, तरी रामबागेत हळदीकुंकवाला गेलं की बायका विचारतात, "तुमच्याकडे पैसे चारल्याशिवाय काम होतं का गं?" त्याच बायका नगर निगमचं (महापालिकेचं) कौतुक करताना थकत नाहीत. साहेब म्हणतात, फेसबुकवर आपल्या कामाचे फोटो टाका. त्यानं नाव सुधारेल का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : टाक फोटो, बिघडत काही नाही. सुधारणारही नाही.

निगमला तरी पूर्वी कोण ओवाळत होतं? स्वच्छ सर्वेक्षणात 2016ला इंदूर 25वं होतं. 2017ला पहिलं आलं आणि 2023पर्यंत सलग सात वेळा पहिलंच राहिलं. मधे झालं काय, तर नाक्यावरच्या कचरापेट्या गेल्या आणि गाणं वाजवत गाडी दारात यायला लागली. देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर हटला, 2022 मध्ये तिथं दिवसाला 550 टन ओला कचरा रिचवणारा गॅसचा प्लांट सुरू झाला. तो बघायला तुझ्या हळदीकुंकवातली एक तरी गेली होती का? त्यांचा निगम म्हणजे ती गाडी. रोज येते, एवढंच.

तुमच्याकडे अर्ज दिला की तो कुठं गेला, कळत नाही. मग लोक पैशाची गोष्ट रचतात. कधीकधी ती खरीही असते, हे तुला मी सांगायला नको. मध्य प्रदेशात 2010पासून लोकसेवा गारंटी कायदा आहे: मुदतीत काम झालं नाही तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 दंड. ती मुदतीची तारीख खिडकीवरच मोठ्यानं सांगा. उशीर होणार असेल तर आपणहून फोन करा. मी कोषालयात होतो; पेन्शनर उशिरावर कमी चिडायचे, "पुढच्या हप्त्यात बघू" यावर जास्त. आणि 181वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार गेली की "बंद करून टाका ना, भाऊ" अशी गळ घालणं आधी थांबवा. तक्रार कागदावर मिटते, माणूस गल्लीभर सांगत फिरतो.

निगमचं नावही काही कायमचं नाही. 30 मार्च 2023, रामनवमी. पटेलनगरच्या मंदिरात बावडीवरचा (जुन्या विहिरीवरचा) स्लॅब कोसळला, 36 जण गेले. बांधकामाबद्दल नोटीस आधीच निघाली होती म्हणे. त्या आठवड्यात पहिल्या नंबरचं कौतुक कोण ऐकणार?

साहेबांना विचारून बघ, फोटोंऐवजी मुदतीबाहेर गेलेल्या अर्जांचा आकडा दर सोमवारी दारावर लावू का? हो म्हणाले तर मला जरूर कळव.