गायीला श्रद्धा नसते, मग होमिओपॅथीने तिची दगडी कशी बरी होते?

आपण विचारले आहे की, गाय औषधावर विश्वास ठेवू शकत नाही, तरीही ३० शक्तीच्या होमिओपॅथिक थेंबांनी आपल्या गायीची दगडी (कासेची सूज, म्हणजेच कासदाह) चार दिवसांत उतरली, तर तो औषधाचाच गुण का मानू नये. नाशिक परिसरातील गोठ्यांवर पशुवैद्यक म्हणून फिरताना हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागला आहे. त्यामागची ओढही मला समजते, कारण प्रतिजैविक टोचल्यावर कित्येक दिवसांचे दूध टाकून द्यावे लागते.

विश्वास गायीला नसला तरी कास चेपून ‘आज उतार आहे’ असे ठरवणारा माणूसच असतो. शिवाय सौम्य कासदाह पुष्कळदा गायीचे शरीर स्वतःच आटोक्यात आणते, आणि आपण औषधासाठी धावतो तेव्हा दुखणे ऐन भरात असते, म्हणजे त्यानंतर ते उतरण्याचीच शक्यता अधिक. नॉर्वेतील ५७ गायींवरील चाचणीत (२००४) होमिओपॅथी, प्रतिजैविक आणि औषधाविना नुसते द्रव्य असे तीन गट होते. लक्षणे तिन्ही गटांत ठळकपणे कमी झाली आणि होमिओपॅथी नुसत्या द्रव्यापेक्षा सरस ठरली नाही. तो तिसरा गट नसता तर प्रत्येक बरी झालेली गाय थेंबांच्या खात्यावर जमा झाली असती.

उलट बाजूचा पुरावाही लपवू नये. नेदरलँड्समध्ये ५२ गाभण डुकरिणींना ‘कोलाय ३० के’ हे होमिओपॅथिक औषध किंवा नुसते द्रव्य दिले गेले, तेव्हा औषध मिळालेल्यांच्या पिलांना हगवण बरीच कमी झाली (२०१०). २०१४ च्या आढाव्यात जनावरांवरील होमिओपॅथीच्या अशा १८ चाचण्यांपैकी दोनच भरवशाच्या ठरल्या : पिलांची ही होमिओपॅथीच्या बाजूने, तर दुसरी, म्हणजे वरची कासदाहाची, विरुद्ध. ३० शक्तीत शंभरपट विरलन तीस वेळा होते आणि बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा रेणू उरण्याची शक्यता संपते. एवढ्या विलक्षण दाव्यासाठी एकच अनुकूल चाचणी मला पुरेशी वाटत नाही, ती इतरत्र पुन्हा तशीच उतरली पाहिजे. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातील शिरपूरहून उंदरांच्या वेदनेवरील होमिओपॅथिक औषधाबद्दल निघालेला आणि ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या विज्ञान-नियतकालिकात २०१८ साली छापलेला लेख तर २०१९ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातील आकृत्या व निष्कर्ष तपासणीत टिकले नाहीत.

आपल्या गायीची कास पुन्हा सुजली, तर कोणतेही औषध देण्यापूर्वी त्या सडाचे दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन तपासणीला द्यावे. ताप असेल किंवा गाय चारा सोडत असेल, तर मात्र अहवालाची वाट पाहत थेंबांवर दिवस घालवू नयेत. एक सड कायमचा आटायला फार वेळ लागत नाही.