थ्रिप्स गेले म्हणता म्हणता परत का येतात?

प्रश्न: ताई नमस्कार, मी ठाण्याला सातव्या मजल्यावर राहते. हॉलमध्ये मॉन्स्टेरा, सिंगोनियम, अँथुरियम आणि दोन मनी प्लांट आहेत. मार्चपासून मॉन्स्टेराची पानं चंदेरी पडायला लागली, पान उलटून बघितलं तर काळे बारीक ठिपके आणि पिवळट किडे, इतके लहान की चष्मा लावूनच दिसले. नर्सरीवाला म्हणाला थ्रिप्स आहेत. ओल्या फडक्याने पुसलं, भांड्यांच्या लिक्विडचं पाणी मारलं, लसूण-मिरचीचं पाणी झालं, नीम ऑइल पण झालं. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटतं आणि मग परत तेच. आता तर नवीन पान उलगडतानाच वेडंवाकडं येतंय. टाकून देऊ का झाड?

उत्तर: अजिबात टाकू नका, मॉन्स्टेरा चिवट असतो, मुळं चांगली असतील तर नक्की वाचतो. तुम्ही कष्ट कमी घेतले नाहीत, फक्त तारखा चुकल्या आणि याच एका गोष्टीवर बहुतेकांचे थ्रिप्स जात नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थ्रिप्स म्हणजे आपले फुलकिडे. नाशिककडच्या कांदेवाल्यांना विचारा, पातीवर पांढरे चट्टे पडले की ते लगेच ओळखतात. मादी अंडं पानावर ठेवत नाही, पानाला बारीक चीर पाडून आत घालते, त्यामुळे तुम्ही कितीही पुसलं, काहीही फवारलं तरी अंड्याला काही होत नाही. त्यातून पिल्लं निघतात, ती पिवळट, तुम्हाला दिसली तीच, आणि पानाचा रस तीच जास्त खातात. मोठी झाली की बरीचशी खाली मातीत उतरतात, तिथे काही न खाता कोषात बसतात आणि पंख फुटले की परत वर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळं चक्र साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतं. म्हणजे आज फवारलं तर आजची पिल्लं आणि मोठे किडे मेले, पण पानातली अंडी आणि मातीतले कोष तसेच राहिले, आणि आठवड्याने तुम्हाला वाटतं औषधच बोगस निघालं. शिवाय मादीला अंडी घालायला नराचीही गरज नसते, एक राहिली तरी पुरते.

म्हणून आता कॅलेंडरवर खुणा करा. दर पाचव्या दिवशी एकदा, असं सलग पाच वेळा, किडा दिसो न दिसो. तिसऱ्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसायला लागतं आणि तिथेच सगळे थांबतात, तिथे थांबायचं नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यात खराब झालेली पानं कापा, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, घरच्या कंपोस्टमध्ये नको. कुंडीचं तोंड प्लास्टिकने झाका आणि बाथरूममध्ये हँड शॉवरने पानं खालून वरून नीट धुवा, देठाच्या बेचक्यात आणि गुंडाळलेल्या नव्या पानात विशेष, कारण ते तिथेच लपतात आणि तुमचं नवीन पान वेडंवाकडं येतंय ते त्यामुळेच. मग मातीचा वरचा दोनेक बोटं थर काढून टाका, ताजी माती आणि मूठभर निंबोळी पेंड घाला.

नीम ऑइल चालेल, पण लिटरला 5 मिली, आणि ते पाण्यात नुसतं मिसळत नाही, वर तरंगतं. आधी थोड्या कोमट पाण्यात झाडांसाठीचा पोटॅशियम सोप घालून त्यात तेल चांगलं फेटायचं, पांढरट दूध झालं की मग बाकीचं पाणी, आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं. भांड्यांचं लिक्विड बंद करा प्लीज, त्याने पानावरचं मेणाचं आवरण जातं आणि आधीच दमलेलं झाड आणखी दमतं. फवारणी संध्याकाळी, आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा आणि मग बाकीच्यांवर.

एवढं करूनही राहिलेच तर स्पिनोसॅड. मातीतल्या एका जिवाणूपासून बनतं, थ्रिप्सवर चांगलं चालतं. पण प्रमाण फार कमी लागतं, बाटलीवरचं लेबल वाचून सिरिंजनेच मोजा, अंदाजाने झाकणभर ओतू नका. झाड बाल्कनीत नेऊन, मास्क-ग्लोव्हज घालून मारा, लहान मुलं आणि मांजर असेल तर पूर्ण वाळेपर्यंत लांब. फुलं असलेल्या झाडावर नको, ओलं असताना मधमाश्यांना ते घातक असतं. आणि एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका, थ्रिप्स औषधाला फार लवकर सरावतात. 2021 मध्ये तेलंगणा आणि आंध्रातल्या मिरचीची ज्या थ्रिप्सने वाट लावली ती जात अँथुरियमसारख्या शोभेच्या झाडांवरही राहते, तेव्हा नुसतं औषध वाढवून हा किडा आवरत नाही हे शेतकऱ्यांना चांगलं माहितीये. पावसाळ्यात हवा दमट झाली की बिव्हेरिया वापरून बघा, ही बुरशी दमट हवेत चांगलं काम करते.

निळे चिकट सापळे कुंडीत नक्की लावा, पण त्याला फक्त पंखवाले चिकटतात, म्हणून तो उपाय कमी आणि मोजमाप जास्त. आठवड्याला किती चिकटले ते लिहून ठेवा.

अजून एक, चंदेरी झालेलं पान परत हिरवं होत नाही. खूप जण जुन्या पानाकडे बघून निराश होतात. तुम्ही नव्या पानाकडे बघा, ते सरळ उलगडलं की समजा जमलं.

आणि आले कुठून हे विचारलं नाहीत तरी सांगते. सातव्या मजल्यावर वाऱ्यानेही येतात, नव्या झाडावरून येतात, पण मला आणखी एका गोष्टीची शंका येते ती म्हणजे निर्माल्य. शेवंती, गुलाब, झेंडू यांच्या पाकळ्यांत थ्रिप्स हमखास असतात, एक फूल पांढऱ्या कागदावर झटकून बघा. देवाची फुलं आपण श्रद्धेने कुंडीत घालतो, घरातल्या झाडांच्या कुंडीत तरी घालू नका. नवीन झाड आणलं की तीन आठवडे वेगळ्या खोलीत.

प्रश्न: आमच्या फायकसची पानं मधोमध दुमडून शेंगेसारखी झालीत, उघडलं की आत काळे किडे. हेही थ्रिप्सच का?

उत्तर: हो, पण ही फायकसवरची वेगळी जात. मोठे काळे आणि पिल्लं पिवळट, सगळं कुटुंब त्या दुमडलेल्या पानातच. फवारा आत पोचत नाही म्हणून सरळ दुमडलेली सगळी पानं कापा, बांधून टाका, नवीन पालवी फुटताना नीम ऑइल मारा. झाड सहसा मरत नाही, घाबरू नका.

प्रश्न: तुळशीची पानं करडी पडून आक्रसलीत, खाली काळे डाग आहेत. थ्रिप्सचं औषध मारू का?

उत्तर: थांबा, आधी पान उलटून बघा. जाळीदार पंखांचा छोटा चपटा किडा दिसला तर तो लेस बग आहे, तुळशीवर हा फार येतो आणि लोक त्यालाच थ्रिप्स समजतात. तुळशीची पानं आपण तोंडात टाकतो तेव्हा रासायनिक काही नको. खराब शेंडे खुडा आणि आठवडाभर रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा मारा. फारच झालं असेल तर अर्धी छाटून टाका, उन्हात ठेवली की फुटते परत.