उत्तर अलास्काचं भूविज्ञान नव्यानं शिकणाऱ्यासाठी

तेलाकडे नंतर वळ, आधी गोठलेली जमीन समजून घे. सलग दोन वर्षं तरी शून्य अंश सेल्सिअसवर किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. त्यात बर्फ असलाच पाहिजे असं नाही. कोरडा खडकही पर्माफ्रॉस्ट असू शकतो. नवे लोक हमखास इथंच चुकतात.

उत्तर किनाऱ्यावरच्या प्रूडो बे या तेलक्षेत्रात हा थर सुमारे ६०० मीटर जाड आहे. १९६८ साली सापडलेलं तेल त्याच्याही खूप खाली, ट्रायासिक काळातल्या (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या) इविशाक नावाच्या वालुकाश्मात. तिथं ते चांगलं गरम असतं, आणि खरी मेख तीच. वर येताना ते विहिरीभोवतीची जमीन वितळवतं, जमीन खचते, केसिंगवर, म्हणजे विहिरीच्या पोलादी अस्तरनळीवर, ताण येतो.

ट्रान्स-अलास्का पाइपलाइनचे फोटो मोठे करून बघ. १९७७ पासून चालू असलेली ही जवळपास १,२८७ किलोमीटरची वाहिनी निम्म्याहून जास्त अंतर खांबांवरून जाते. खांबांच्या डोक्यावर पंखांसारख्या पात्या दिसतील. खालच्या बंद नळीत अमोनिया असतो. हिवाळ्यात जमिनीतल्या उष्णतेनं त्याची वाफ होते, ती वर पात्यांपाशी थंड होते आणि थेंब होऊन परत खाली उतरते. अशानं उष्णता बाहेर पडून जमीन गोठलेली राहते. पंप नाही, वीज नाही! मला याचं आजही अप्रूप वाटतं.

सेस्मिक डेटा (जमिनीत लहरी सोडून, त्या परतायला लागणाऱ्या वेळेवरून मिळवलेली माहिती) हातात आला की घाई करू नकोस. गोठलेल्या थरातून लहरी वेगानं धावतात, आणि मोठ्या तळ्यांखाली तो थर वितळलेला असतो. वेगातल्या या फरकाची दुरुस्ती न करता नकाशा काढलास, तर खाली नसलेला उंचवटा दिसेल.