शुगरच्या गोळ्यांमुळे वडिलांची नजर बिघडली का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६१ वर्षांचे आहेत. मध्यंतरी त्यांना चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागला, घरात सगळ्यांना आनंद झाला. मग रक्त तपासलं तर शुगर ३८० निघाली. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि आता नव्या चष्म्यातूनही अक्षरं पुसट दिसतात. म्हणून ते गोळ्या बंद करायचं म्हणताहेत आणि रोज गाजराचा रस पिताहेत.

पहिली गोष्ट, गोळ्या बंद करू देऊ नका. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज नंबर काढतो आणि हा गैरसमज मला वरचेवर ऐकायला मिळतो. रक्तात साखर वाढली की ती डोळ्यातल्या भिंगातही शिरते. तिथे तिचं सॉर्बिटॉल नावाचं द्रव्य होतं, ते पाणी ओढतं आणि भिंग फुगतं. नंबर मायनसकडे सरकतो, त्यामुळे जवळचं आपोआप दिसायला लागतं. वडिलांना 'नजर सुधारली' असं वाटलं ते खरं तर शुगर वाढल्यामुळे. आता शुगर उतरतेय तसा नंबर उलटा फिरतोय. म्हणजे गोळ्या काम करताहेत. शुगर स्थिर झाल्यावर चार ते सहा आठवडे थांबा, मगच नंबर काढा. सध्याचा चष्मा बदलण्यात पैसे घालवू नका.

मात्र डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी पुढे ढकलू नका. या वयात मधुमेह कळतो तेव्हा तो आत किती वर्षं असेल सांगता येत नाही, म्हणून निदान झाल्याबरोबर एकदा आणि पुढे दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघायचा असतो. रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहाने या पडद्याला होणारी इजा, सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही, दुखत नाही, दिसतंही नीट. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा त्यांना गाडी चालवत एकटं पाठवू नका.

आता औषधांचं. गुडघेदुखीसाठी कुणी दिलेली बिनलेबलची पुडी ते घेतात का, हे नीट विचारा. अशा पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्याने शुगर वाढते, मोतीबिंदू लवकर होतो आणि डोळ्यातला दाब चढू शकतो. स्टेरॉइडच्या थेंबांनीही डोळ्याचं असंच नुकसान होतं. माझ्या मावशीने डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून दोन वर्षं घातले, दर वेळी तीच रिकामी बाटली दाखवून. काचबिंदूने तिची बाजूची नजर गेली आणि ती परत येत नाही. मी तेव्हा शिकत होतो आणि घरात असूनही मला ते कळलं नाही. म्हणून आता येणाऱ्या प्रत्येकाला मी औषधांची पिशवी उघडायला लावतो.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सर्जनला सांगायलाच हवं, कारण त्याने बुबुळ ढिलं पडतं. घरात कुणाला टीबीचं औषध चालू असेल तर त्यातल्या इथाम्ब्युटॉल या गोळीचं नाव लक्षात ठेवा, तिने नजरेला इजा होऊ शकते. लाल-हिरवा रंग फिका वाटला किंवा नजर मंदावली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं, त्यातही शाकाहारी असतील तर, बी-१२ कमी होऊ शकतं. फार कमी झालं तर डोळ्याच्या नसेलाही इजा होते, तेव्हा अधूनमधून तपासून घ्या.

राहिलं गाजर. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो, ती कमतरता गाजराने भरून निघते, पण कमतरता नसेल तर गाजराने नंबर उतरत नाही. रस काढताना चोथा निघून जातो आणि साखर लवकर चढते. त्याऐवजी कोशिंबीर करा, शेवग्याचा पाला, मेथी, चालत असेल तर अंडं द्या. तंबाखू किंवा मशेरी असेल तर ती सोडणं गाजरापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडेल.

डोळ्यांसमोर अचानक काळे धागे तरंगू लागले, पडदा ओढल्यासारखं झालं किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला, तर सहा आठवडे वगैरे विसरा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. सगळ्या गोळ्या, पुड्या, थेंब सोबत घेऊन.