वर्गातलं मूल काही सांगू लागलं, तर

गोव्यात पेडण्याच्या शाळेत रुजू होते आहेस, म्हणून लिहिते. लैंगिक अत्याचार झालेलं मूल रडत येऊन सांगेल, अशी वाट बघू नकोस. बहुतेकदा ते वेगळ्याच रूपात दिसतं: हुशार पोरगी अचानक मागे पडते, पोटात दुखतं म्हणून रोज घरी जायला मागते, मोठा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागतो. एखादं लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. पण लक्ष ठेव. आणि हो, मुलग्यांच्या बाबतीतही घडतं.

सांगितलंच, तर ऐक. 'आधी का नाही सांगितलंस?' हे मुळीच विचारू नकोस. त्यात दोष मुलाच्याच माथी जातो. 'तुझी चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस' एवढं पुरे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नकोस, ते पाळता येणार नाही: 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. खोदून चौकशीही नको. तोच प्रसंग दहाजणांपुढे सांगायला लावणं हा दुसरा मार. मुलाचेच शब्द लिहून ठेव. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर मदत मिळते. जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत, हेही कायद्यातच आहे. गोव्याला तर 2003 चा स्वतःचा बाल कायदा आहे.

गावात सगळेच ओळखीचे. 'घरची अब्रू जाईल' म्हणून दबाव येईल, आरोपी नात्यातलाही निघेल. तेव्हा आईला एकटी सोडू नकोस. विश्वास ठेवणारं एक मोठं माणूस पाठीशी असलं की मुलं सावरू लागतात, हे मी पाहिलंय. स्टाफरूममध्ये मात्र मुलाचं नाव काढायचं नाही.