कच्छच्या रणातली जमीन मध्यस्थाने दिली का?

प्रश्न : १९६५ साली कच्छच्या रणासाठी आपण मध्यस्थ घेतला आणि जमीन गमावली, असं माझे सासरे नेहमी सांगतात. मग दोन देशांच्या भांडणात तिसरा हवाच कशाला? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : तुमच्या सासऱ्यांचा राग मला समजतो, पण ती जमीन मध्यस्थाने दिली नाही. एप्रिलमध्ये रणात लढाई पेटल्यावर ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन मध्ये पडले. ३० जूनला शस्त्रसंधीचा करार झाला. मध्यस्थी म्हणतात ती एवढीच. सीमा ठरवली तीन जणांच्या लवादाने, म्हणजे दोन्ही बाजू ऐकून निकाल देणाऱ्या पंचांनी, आणि त्यातला एक भारताने सुचवलेला होता. १९ फेब्रुवारी १९६८ ला निकाल आला. पाकिस्तानचा दावा सुमारे ९,००० चौ. किमी.चा, मिळाला जेमतेम दहावा हिस्सा. निकाल बंधनकारक, हे दोघांनी आधीच कबूल केलं होतं. देशात सत्याग्रह झाले, तरी भारताने शब्द पाळला. मला त्याचा अभिमान वाटतो.

मी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात मध्यस्थ म्हणून बसते. मुरबाड-शहापूरकडचे बांधाचे वाद येतात, तेव्हा पहिल्या बैठकीतच सांगते, "दादा, मी निकाल देणार नाही." मग दोघांना वेगवेगळं बसवून ऐकते. मोजणीचा नकाशा बराच उशिरा उघडतो. त्याआधी कुणाच्या तरी लग्नातला अपमान बाहेर पडतो.

निकालाने भांडण मिटतंच असं नाही. चिली आणि अर्जेंटिनाचं बघा. दक्षिण टोकाच्या बीगल खाडीतली तीन बेटं १९७७ च्या लवादाने चिलीला दिली. अर्जेंटिनाने तो निकाल धुडकावला आणि १९७८ च्या डिसेंबरात दोन्ही आरमारं समुद्रात उतरली. ऐन नाताळात पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अंतोनियो सामोरे यांना पाठवलं. वयाची सत्तरी ओलांडलेला हा माणूस दोन्ही राजधान्यांत येरझाऱ्या घालत राहिला. ८ जानेवारी १९७९ ला मोंतेविदेओत दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी सही केली : बळ वापरणार नाही, पोपची मध्यस्थी मान्य.

नंतर लागली जवळपास सहा वर्षं. १९८० चा प्रस्ताव चिलीने मानला, अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी अडवून धरला. पण बोलणी तुटू दिली नाहीत, आणि मध्यस्थाची खरी कसोटी मला तिथेच दिसते. अर्जेंटिनात लोकशाही आली, १९८४ च्या जनमत कौलात मोठ्या बहुमताने होकार मिळाला आणि २९ नोव्हेंबरला व्हॅटिकनमध्ये करार झाला. बेटं चिलीकडेच राहिली. अटलांटिकच्या बाजूचं बरंचसं पाणी अर्जेंटिनाला मिळालं. सामोरे १९८३ मध्येच वारले होते. दोन्ही देशांमधल्या अँडीजमधल्या एका खिंडीला आज त्यांचं नाव आहे.

काश्मीरबाबत मात्र भारत १९७२ च्या सिमला करारावर बोट ठेवतो : वाद आपसात सोडवायचे. तिथे बाहेरच्या कुणी कितीही तयारी दाखवली तरी भारताच्या होकाराशिवाय मध्यस्थी सुरूच होत नाही. आमच्याकडेही एक पक्ष नको म्हणाला, की मी फाइल न्यायाधीशांकडे परत पाठवते.